दूध उतू जाण्याआधी

सकाळी साडेसातला स्वयंपाकघरात उभं राहून पाहा. एका शेगडीवर दूध आहे, दुसरीवर फोडणीचं तेल तापतंय, ओट्यावर कणीक अर्धी तिंबलेली आहे आणि डब्यात भरायची भाजी निवायला ठेवली आहे. हात मात्र दोनच. दूध वर येऊ लागलं की कणीक तशीच टाकून हात गॅसच्या बटणाकडे जातो. कणीक पाच मिनिटांनी तिंबली तरी पोळ्या होतात. दुधाकडे पाच सेकंद उशिरा लक्ष गेलं तर ओटा पुसावा लागतो. कुठलं काम किती मोठं आहे, आधी कोणतं सुरू केलं होतं, हे त्या क्षणी कुणी पाहत नाही. काय आधी बिघडेल, एवढंच पाहिलं जातं.

गाडीच्या इंजिनाला जोडलेला छोटा संगणक, रुग्णाच्या शिरेत थेंब मोजून औषध सोडणारा पंप, विमानाच्या पंखांवरच्या झडपा हलवणारी यंत्रणा या सगळ्यांच्या पोटात हाच प्रश्न सेकंदाला शेकडो वेळा उभा राहतो. प्रोसेसर एक, कामं अनेक. आत्ता कुणाला धावू द्यायचं? हा निर्णय घेणाऱ्या भागाला शेड्यूलर म्हणतात, आणि ज्या प्रणालीत तो दिलेल्या मुदतीचं वचन पाळण्यासाठी बांधलेला असतो तिला रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टीम.

रिअल-टाइम म्हणजे खूप वेगवान, असा समज सर्वत्र आहे. अभियांत्रिकीच्या मुलांमध्येही तो भेटतो, आणि तो आधी मनातून काढून टाकायला हवा. वेगवान प्रणाली सरासरीने लवकर उत्तर देते. रिअल-टाइम प्रणाली सर्वांत वाईट प्रसंगीही मुदतीच्या आत उत्तर देते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिनिटाला ६००० फेऱ्या फिरणाऱ्या इंजिनाची एक फेरी १० मिलिसेकंदांत होते, म्हणजे एका अंशाच्या वाट्याला साधारण २८ मायक्रोसेकंद येतात. ठिणगी कधी टाकायची याचा हिशेब हजार वेळा चटकन झाला आणि एकदा १ मिलिसेकंद रेंगाळला, तर तेवढ्यात क्रँक ३६ अंश पुढे गेलेला असतो. उत्तर गणिताने बरोबर आणि उपयोगाने चूक. उशिरा आलेलं बरोबर उत्तर चुकीचंच मानायचं, या एका वाक्यावर हे सगळं शास्त्र उभं आहे.

अर्थात सगळ्या मुदती सारख्या कडक नसतात. व्हिडिओची एखादी चौकट हुकली तर डोळ्याला झटका जाणवतो, एवढंच. एअरबॅग उघडायला उशीर झाला तर माणूस जातो. शेड्यूलर निवडण्याआधी आपल्या यंत्रातली कोणती मुदत कोणत्या जातीची आहे, हे कागदावर लिहिलं पाहिजे. बरेच लोक ही पायरी वगळतात आणि पुढच्या सगळ्या चर्चा हवेत होतात.

घरातल्या संगणकाला शोभणारी पद्धत पंगतीतल्या वाढप्याची आहे. प्रत्येक पानावर थोडं वाढायचं, पुढे सरकायचं, शेवटाला पोचलं की पुन्हा पहिल्या पानाशी यायचं. हिला राउंड रॉबिन म्हणतात. कुणी उपाशी राहत नाही, म्हणून ती न्याय्य आहे. पण पंगतीत वीस पानं असतील आणि प्रत्येकाला १ मिलिसेकंद मिळत असेल, तर आपली पाळी नुकतीच गेलेल्या कामाला पुढचे १९ मिलिसेकंद थांबावं लागतं, मग त्याची मुदत ५ मिलिसेकंदांची का असेना. दुधाला न्याय नको असतो, वेळेवर हात हवा असतो.

याच्या दुसऱ्या टोकाला वेळापत्रक आहे. कोणतं काम कोणत्या मिलिसेकंदाला सुरू होणार हे अभियंता आधीच तक्त्यात मांडून ठेवतो आणि यंत्र तो तक्ता पुन्हा पुन्हा गिरवतं. चालताना कुठलाच निर्णय घ्यायचा नसतो, त्यामुळे आश्चर्यालाही जागा नसते. विमानाच्या सॉफ्टवेअरची तपासणी करणाऱ्याला हे फार आवडतं. तक्ता समोर ठेवला की काय घडणार ते बोट ठेवून दाखवता येतं. बोइंग ७८७ किंवा एअरबस ए३८० सारख्या विमानांत एकाच संगणकावर अनेक कामं एकत्र नांदतात, तेव्हा एरिंक ६५३ या मानकाप्रमाणे प्रत्येक विभागाला वेळेची ठरलेली खाच दिलेली असते. एका विभागातला बिघाड दुसऱ्याचा वेळ खाऊ शकत नाही. तक्त्याचं दुखणं बदलात आहे. एक काम २ मिलिसेकंदांनी लांबलं की सगळं पुन्हा मांडायचं. एखादं लांबलचक काम हाताने तुकडे करून वेगवेगळ्या खाचांत कोंबायचं. केव्हा येईल ते सांगता न येणारं काम तर तक्त्यात नीट बसतच नाही.

तक्ता आणि अग्रक्रम, म्हणजे ज्या कामाचा नंबर वरचा त्याला आधी धावू देणं, या दोन विचारसरण्या एकाच यानात शेजारी बसल्या तेव्हा काय झालं, याची एक खरी हकिगत आहे. कोलंबिया या अवकाशयानाचं पहिलं उड्डाण १० एप्रिल १९८१ ला ठरलं होतं. चार मुख्य संगणकांवर एकच सॉफ्टवेअर होतं, आणि त्यातली कामं अग्रक्रमानुसार चालत. पाचवा संगणक राखीव. त्याचं सॉफ्टवेअर वेगळ्या लोकांनी, वेगळ्या पद्धतीने, वेळेच्या ठरलेल्या खाचांवर बांधलं होतं. मुख्य चौघं चुकले तर पाचवा तीच चूक करणार नाही, हा त्यामागचा शहाणपणा. उड्डाणाला जेमतेम वीस मिनिटं उरली असताना लक्षात आलं की राखीव संगणकाला मुख्य संगणकांचं बोलणं ऐकूच येत नाही. मुख्य संगणक चालू करताना त्यांच्या काही कामांची वेळ एका चक्राने सरकली होती. तक्त्यावर चालणारा पाचवा ठरल्या क्षणी कान लावून बसायचा, आणि बोलणं त्याआधीच होऊन गेलेलं असायचं. चालू करताना ही चूक होण्याची शक्यता ६७ त एक होती. यान दोन दिवसांनी, १२ एप्रिलला उडालं. संगणक बंद करून पुन्हा चालू केल्यावर सगळं जुळलं, पण का जुळलं हे कळेपर्यंत कुणी बटणाला हात लावला नाही, आणि ते योग्यच झालं.

आता मुख्य प्रवाहाकडे येतो. १९७३ च्या जानेवारीत सी. एल. ल्यू आणि जेम्स लेलँड या दोघांनी एक निबंध प्रसिद्ध केला. ल्यू मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे, लेलँड कॅलिफोर्नियातल्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीचे. ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येणारी कामं एका प्रोसेसरवर मुदतीत बसवायची कशी, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी दोन उत्तरं दिली आणि आजही निवड बहुतेक वेळा या दोहोंतच करायची असते.

पहिलं उत्तर रेट मोनोटॉनिक. जे काम जास्त वेळा येतं त्याचा अग्रक्रम वरचा, आणि एकदा ठरला की तो कायम. दुसरं उत्तर अर्लिएस्ट डेडलाइन फर्स्ट, ज्याला सगळे ईडीएफ म्हणतात. त्यात अग्रक्रम कायमचा नसतो. या क्षणी ज्याची मुदत सर्वांत जवळ, तो पुढे. आपल्या स्वयंपाकघरात चालतं ते हे दुसरं.

फरक समजायला एक छोटा ड्रोन घेऊ. त्याच्या संगणकावर दोनच कामं. तोल सांभाळण्याचं काम दर १० मिलिसेकंदांनी येतं आणि त्याला ५ मिलिसेकंद लागतात. जागा ओळखण्याचं काम दर १५ मिलिसेकंदांनी येतं, त्याला ७ लागतात. दोन्ही आपल्या पुढच्या पाळीआधी संपली पाहिजेत. प्रोसेसरचा ५० टक्के वेळ पहिलं खातं, सुमारे ४६.७ टक्के दुसरं. एकूण ९६.७. म्हणजे वेळ पुरेसा आहे, अगदी काठोकाठ.

रेट मोनोटॉनिकने चालवून पाहू. शून्यापासून ५ पर्यंत तोल. ५ पासून १० पर्यंत जागा, तिचे ५ मिलिसेकंद झाले, २ उरले. १० ला तोल पुन्हा आला. त्याचा अग्रक्रम वरचा, म्हणून जागा बाजूला झाली आणि १० ते १५ तोल धावला. १५ वाजले. जागेची मुदत संपली आणि तिचे २ मिलिसेकंद अजून बाकीच आहेत. हुकली.

आता ईडीएफ. १० पर्यंत सगळं तसंच. १० ला तोल पुन्हा आला, पण त्याची मुदत २० ला आहे आणि जागेची १५ ला. म्हणून जागाच पुढे चालू राहिली आणि १२ ला संपली. १२ ते १७ तोल, तीन मिलिसेकंद राखून. जागेची दुसरी पाळी १७ ला सुरू होऊन २४ ला संपते, तोलाची तिसरी २४ ला सुरू होऊन २९ ला. ३० ला दोन्ही कामं पुन्हा एकत्र येतात आणि तोच खेळ नव्याने सुरू होतो. एकही मुदत हुकली नाही.

ल्यू आणि लेलँड यांनी हेच सर्वसाधारण रूपात सिद्ध केलं. कामाची मुदत म्हणजे त्याची पुढची पाळी असं धरलं, तर एकूण भार १०० टक्क्यांपर्यंत असेल तोवर ईडीएफ कुणाचीही मुदत हुकू देत नाही. रेट मोनोटॉनिकची हमी त्याहून कमी आहे. दोन कामं असतील तर ८२.८ टक्के भारापर्यंत, तीन असतील तर ७८, आणि कामांची संख्या वाढत गेली की हा आकडा ६९.३ टक्क्यांकडे सरकतो. त्यावर भार गेला म्हणजे मुदत हुकणारच असं नाही. तिथून पुढे ही ढोबळ कसोटी गप्प होते, इतकंच.

आणि इथे एक सुंदर गोष्ट आहे. आपल्या ड्रोनमध्ये जागा ओळखण्याचं काम १५ ऐवजी २० मिलिसेकंदांनी आलं, आणि त्याला ७ ऐवजी तब्बल १० मिलिसेकंद लागले, तर भार पूर्ण १०० टक्के होतो. तरीही रेट मोनोटॉनिक एकही मुदत हुकवत नाही. तोल, जागा, तोल, जागा, पाच-पाच मिलिसेकंदांचे चार तुकडे, आणि २० ला सगळं चोख समेवर. तबल्यावर ठाय, दुगुन, चौगुन जशा एकमेकींत बसतात तशा पाळ्या एकमेकींच्या पटीत असल्या की स्थिर अग्रक्रमाचा तोटा नाहीसा होतो. कित्येक यंत्रांत पाळी १५ की २० हे निसर्गाने ठरवलेलं नसतं, अभियंत्याने ठरवलेलं असतं. अल्गोरिदम बदलण्याआधी पाळ्या पटीत आणता येतात का, हे पाहावं. हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि तो सर्वांत कमी वेळा आठवतो.

मग ढोबळ कसोटी गप्प झाली की काय करायचं? इथे मुंबईचा धागा येतो. १९८६ मध्ये मथाई जोसेफ आणि परितोष पंड्या यांनी एका कामाला वाईटात वाईट किती वेळ लागेल हे नेमकं काढण्याची रीत प्रसिद्ध केली. पंड्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चचे. जोसेफ यांनीही तिथे अनेक वर्षं काढली होती, आणि पुढे ते पुण्याच्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरचे प्रमुख झाले. त्यांची रीत इतकी साधी आहे की ती पाठकोऱ्या कागदावर करता येते. पहिल्या ड्रोनमधलं जागा ओळखण्याचं काम घ्या. त्याचे स्वतःचे ७ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात तोल एकदा मध्ये येणार, म्हणून ५ मिळवा: १२. पण १२ मिलिसेकंदांत तोल दोनदा येतो, म्हणून ७ अधिक १०: १७. १७ मिलिसेकंदांतही तोल दोनदाच येतो, आकडा हलत नाही. थांबा. उत्तर १७, मुदत १५. हुकणार, आणि बरोबर २ मिलिसेकंदांनी हुकणार. मघाशी घड्याळ चालवून जे दिसलं तेच इथे न चालवता कळलं. शेकडो कामांच्या यंत्रातही हीच बेरीज करत जायचं. जगभर गाड्या आणि विमानं बनवणारे लोक आज ही रीत वापरतात.

हे वाचून वाटेल की १०० टक्क्यांची हमी देणारा ईडीएफ असताना कुणी दुसरं काही का घ्यावं? तरीही व्हीएक्सवर्क्स, फ्री-आरटीओएस यांसारख्या रिअल-टाइम प्रणाल्या आणि बहुतेक वाहनांतल्या प्रणाल्या स्थिर अग्रक्रमच देतात. प्रत्येक कामाला एक आकडा, बस. यातली सवय आणि जुनी गुंतवणूक बाजूला ठेवली तरी एक खरं कारण उरतं. भार १०० च्या वर गेला तर कोण हुकेल, हे स्थिर अग्रक्रमात आधी सांगता येतं: सर्वांत खालचा. ईडीएफमध्ये एक उशिरा संपला की त्याची जवळची मुदत दुसऱ्याला मागे ढकलते, दुसरा तिसऱ्याला, आणि सगळी रांग एकापाठोपाठ एक कोसळू शकते.

पण या युक्तिवादात एक खड्डा आहे आणि त्यात अनेक जण पडतात. रेट मोनोटॉनिकमध्ये वरचा नंबर महत्त्वाला मिळत नाही, वारंवारतेला मिळतो. ड्रोनवरचा दिवा दर ५ मिलिसेकंदांनी लुकलुकत असेल तर नियमाप्रमाणे तो तोलाच्याही वर बसेल, आणि अडचणीच्या वेळी दिवा छान लुकलुकत राहील, ड्रोन खाली येईल. वारंवार येणारं म्हणजे महत्त्वाचं, हे समीकरण खोटं आहे. ईडीएफलाही लगाम घालता येतो. प्रत्येक कामाला वेळेचं बजेट देऊन त्यापलीकडे खाऊ द्यायचं नाही, ही कल्पना इटलीतल्या लुका आबेनी आणि जॉर्जो बुटाझ्झो यांनी १९९८ मध्ये मांडली. २०१४ मध्ये लिनक्सच्या ३.१४ या आवृत्तीत ईडीएफ आला तो हा लगाम घेऊनच.

भार हाताबाहेर गेल्यावर काय सोडायचं हे आधी ठरवलेलं असणं किती मोलाचं, ते २० जुलै १९६९ ला दिसलं. अपोलो ११ चं चांद्रयान उतरत असताना त्याच्या संगणकाने १२०२ आणि १२०१ असे इशारे द्यायला सुरुवात केली. नवं काम ठेवायला जागा उरली नाही, असा त्यांचा अर्थ. एका रडारच्या जोडणीमुळे प्रोसेसरचा सुमारे १५ टक्के वेळ फुकट जात होता. हॅल्कॉम लॅनिंग यांनी रचलेला अग्रक्रमाचा शेड्यूलर आणि पुन्हा सुरू होण्याची सोय तिथे कामी आली. संगणकाने यादी पुसली, इंजिन आणि दिशा सांभाळणारी कामं लगेच पुन्हा उभी केली, कमी गरजेची सोडून दिली. ह्यूस्टनमध्ये २४ वर्षांच्या जॅक गार्मन यांनी हे इशारे ओळखले आणि उतरत राहायला हरकत नाही असं सुचवलं. कोलंबियाच्या त्या घड्याळाच्या चुकीची हकिगत पुढे लिहून ठेवली तीही याच गार्मन यांनी.

ल्यू आणि लेलँड यांच्या गणितात एक अट होती, आणि ती बारीक अक्षरातली म्हणून वाचली जात नाही. प्रत्येक काम स्वतंत्र असावं, कुणीही दुसऱ्याजवळच्या वस्तूसाठी थांबू नये. खऱ्या घरात असं होत नाही. घरात सांडशी एकच असते.

दूध वर येतंय. आईला सांडशी हवी. ती धाकट्याच्या हातात आहे, तो खेळण्यातली चाकं काढतोय. तो लगेच देईलही, पण नेमके काका त्याला बाजूला घेऊन गप्पा मारत बसलेत. काकांना दुधाशी देणंघेणं नाही, सांडशीचीही गरज नाही. तरी घरातल्या सर्वांत तातडीच्या कामाला त्यांनी अडवून ठेवलं आहे, आणि ते त्यांना ठाऊकही नाही. याला अग्रक्रमाची उलटापालट म्हणतात.

मार्स पाथफाइंडर ४ जुलै १९९७ ला मंगळावर उतरलं. त्यावर व्हीएक्सवर्क्स होती. उतरल्यावर काही दिवसांत यानाचा संगणक मध्येच आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला. आई होती ती माहितीची वाटणी करणारं काम, यानाच्या सामाईक वाहिनीवरून आलेली माहिती वेळेत पोचवणारं. धाकटा होता तो हवामानाची नोंद घेणारं काम, अग्रक्रमाने तळाशी. दोघांना एकच कुलूप लागायचं, तीच इथली सांडशी. हवामानाच्या कामाने कुलूप घेतलेलं असताना मधल्या अग्रक्रमाची, संदेशवहनासारखी लांब चालणारी कामं येत. ती हवामानाच्या वरची, म्हणून त्याला थांबवून धावत. वाटणीचं काम कुलपासाठी ताटकळे. चक्र सेकंदाला आठ वेळा फिरायचं, म्हणजे दर १२५ मिलिसेकंदांनी. पुढच्या चक्राच्या सुरुवातीला मागचं काम संपलेलं नाही हे दिसलं की पहारा देणारं काम नियमाप्रमाणे सगळा संगणक पुन्हा सुरू करायचं. पहारा बरोबर होता, अग्रक्रम बरोबर होते, एकेक काम आपल्या जागी निर्दोष होतं. चूक त्यांच्या मधल्या कुलपात होती.

यान बांधलं आणि चालवलं जात होतं जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतून, जिथे चोवीस वर्षांपूर्वी लेलँड बसत होते. सॉफ्टवेअरचे प्रमुख ग्लेन रीव्ह्‌ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यानाच्या पृथ्वीवरच्या जुळ्या संगणकावर तोच भार टाकला आणि तीच घटना घडवून, पावलोपावलीच्या नोंदीत ती पकडली. असा बिघाड उड्डाणाआधीच्या चाचण्यांतही डोकावून गेला होता, पण तेव्हा तो पुन्हा घडवता आला नव्हता. उपाय व्हीएक्सवर्क्समध्ये आधीपासून होता, त्या कुलपासाठी तो चालू केलेला नव्हता, एवढंच. त्याचं नाव अग्रक्रमाचा वारसा. आई थांबली आहे तोवर धाकट्याला आईचा मान. सांडशी परत येईपर्यंत काकांनाही त्याला अडवता येत नाही. दहा मिनिटांहून जास्त प्रकाश-अंतरावरच्या यानाला बदल पाठवला गेला आणि संगणकाचं ते आपोआप बंद होणं थांबलं.

हा वारसा शास्त्रशुद्ध रीतीने मांडला होता लुई शा, रघुनाथन राजकुमार आणि जॉन लेहोत्स्की यांनी, १९९० मध्ये. १९९७ च्या डिसेंबरात एका परिषदेत व्हीएक्सवर्क्सच्या कंपनीचे तंत्रप्रमुख डेव्हिड विल्नर यांनी मंगळाची ही गोष्ट सांगितली, तेव्हा तिघंही सभागृहात होते आणि सभागृहाने त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. सात वर्षांपूर्वीचा सैद्धांतिक निबंध दुसऱ्या ग्रहावर कामाला आला, हे पाहण्याचं भाग्य फार थोड्या संशोधकांना मिळतं.

म्हणून माझा आग्रह असा की शेड्यूलरच्या नावावर आठवडाभर वाद घालणाऱ्यांनी एक दिवस कुलपांच्या यादीला द्यावा. कोणती वस्तू कोण कोण वापरतं, किती मायक्रोसेकंद धरून ठेवतं. फ्री-आरटीओएसमध्ये म्यूटेक्स या जातीच्या कुलपाला वारसा मिळतो, बायनरी सेमाफोर या जातीच्या कुलपाला मिळत नाही. दोन्ही दिसायला सारखी, चालवायला सारखी, आणि घाईत एकाच्या जागी दुसरं लिहिलं जातं. आकड्यांचंही तेच. व्हीएक्सवर्क्समध्ये ० हा सर्वांत वरचा अग्रक्रम आहे आणि २५५ सर्वांत खालचा. फ्री-आरटीओएसमध्ये ० सर्वांत खालचा. एका प्रणालीवरून दुसरीवर काम हलवताना हा एक फरक विसरला की सगळं यंत्र उलटं होतं, आणि टेबलावर थोडक्या भारात ते तरीही चालताना दिसतं.

आतापर्यंतचा सगळा हिशेब एकाच गाभ्याचा होता. प्रोसेसरचे गाभे एकाहून जास्त असले की ल्यू-लेलँड यांची सुंदर गणितं बरीचशी गळून पडतात. दोन गाभे घ्या. दोन हलकी कामं, दर १० मिलिसेकंदांनी येणारी, १ मिलिसेकंदाची. एक जड काम, दर १०.५ मिलिसेकंदांनी येणारं, १० मिलिसेकंदांचं. ईडीएफ दोन्ही गाभे आधी हलक्यांना देईल, कारण त्यांची मुदत जवळची. जड काम १ ला सुरू होऊन ११ ला संपेल आणि हुकेल, दोन गाभ्यांची निम्म्याहून थोडीच जास्त ताकद वापरलेली असताना. एस. के. ढल आणि ल्यू यांनी १९७८ मध्येच हे दाखवून दिलं होतं. जड कामाला एक गाभा कायमचा देऊन टाकला की प्रश्न मिटतो. म्हणून कडक मुदतीच्या यंत्रात कामं गाभ्यांना आधीच वाटून द्यावीत आणि प्रत्येक गाभ्यावर वरचं एकेरी गणित करावं, हेच मला आजही सर्वांत भरवशाचं वाटतं.

आणि निवड? जिथे तपासनिसाला प्रत्येक मिलिसेकंदाचा जाब द्यायचा आहे आणि यंत्र वर्षानुवर्षं बदलणार नाही, तिथे तक्ता. जिथे भार ९० च्या पुढे जातोच आहे, पाळ्या पटीत येत नाहीत आणि हाताशी बजेटचा लगाम असलेली प्रणाली आहे, तिथे ईडीएफ, न घाबरता. उरलेल्या बहुसंख्य यंत्रांत स्थिर अग्रक्रम, पटीतल्या पाळ्या, वारसा चालू, आणि जोसेफ-पंड्या यांची बेरीज केल्याशिवाय काम पूर्ण झालं असं म्हणायचं नाही. त्या बेरजेत जाणारे आकडे मात्र अंदाजाचे नसावेत. काम सुरू होताना चिपची एक पिन वर करायची, संपताना खाली, आणि ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर सर्वांत रुंद पट्टा किती हे तासन्‌तास पाहत बसायचं. सरासरी पट्ट्याकडे बघायचंच नाही. आणि दिसलेल्या सर्वांत रुंद पट्ट्याहूनही थोडी जास्त जागा सोडायची, कारण वाईटात वाईट क्षण आपण पाहत असतानाच येईल असं नाही.

पुढच्या प्रकरणाकडे वळण्याआधी पेन घेऊन एवढं एक गणित सोडवा. तीन कामं, पाळ्या १०, २० आणि ४० मिलिसेकंद, लागणारा वेळ ३, ५ आणि १२. भार ८५ टक्के, म्हणजे तीन कामांच्या ७८ टक्क्यांच्या हमीच्या बराच वर. रेट मोनोटॉनिकने तिसरं काम मुदतीत संपतं का? १२ पासून सुरुवात करा आणि आकडा हलायचा थांबेपर्यंत बेरीज करत राहा. उत्तर ३४ यायला हवं.